जुन्या राजवटीतला न्याय नेमका कोणी मिळवून दिला?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

न्यायदानाच्या विलंबावर आपल्या पत्रव्यवहाराच्या सदरात सध्या जी चर्चा चालली आहे, तीत एका वाचकाने असे मत मांडले आहे की, पूर्वीच्या राजेशाह्यांत, विशेषतः चीनच्या साम्राज्यात, लाचखोर अधिकाऱ्याला जबर शिक्षा होत असे, त्यामुळे रयतेला न्याय झटपट मिळे, आणि आपल्याकडेही तसाच धाक हवा. खानापूर, निपाणी, चिकोडीकडच्या ज्या लोकांनी कचेऱ्यांचे उंबरठे झिजवले आहेत त्यांना हे मत पटण्याजोगे वाटेल, याची मला जाणीव आहे. तरीही ते खरे नाही, असे मला आग्रहाने सांगायचे आहे. चीनच्या साम्राज्याच्या शेवटच्या काळात गाजलेला एक खटला मी अनेक वर्षे आस्थेने वाचत आलो आहे, आणि त्यात न्याय मिळाला तो सम्राटाच्या धाकामुळे नव्हे, तर एका पत्नीने आणि एका बहिणीने आपला माणूस सोडला नाही म्हणून मिळाला.

झेज्यांग प्रांतातील हांगझौ शहराजवळ यूहांग नावाचे तालुक्याचे गाव आहे. तेथे 1873 च्या नोव्हेंबरात गे पिनल्येन नावाचा, टोफूच्या दुकानात काम करणारा एक गरीब तरुण आजारी पडून मेला. त्याची बायको बी श्यूगू दिसायला देखणी होती आणि लोक तिला एका पालेभाजीच्या नावाने, ‘श्याओ बायत्साई’ म्हणून ओळखत. हे जोडपे काही काळ यांग नाईवू नावाच्या सुशिक्षित गृहस्थाच्या घरात भाड्याने राहिले होते. यांग त्याच वर्षी प्रांताची परीक्षा उत्तीर्ण होऊन ‘ज्यूरेन’ ही मानाची पदवी मिळवून बसला होता, आणि जादा करवसुलीविरुद्ध गावकऱ्यांचे अर्ज लिहून देणारा म्हणून कचेरीतल्या लोकांच्या डोळ्यांत तो आधीपासूनच सलत होता. घरमालक आणि भाडेकरीण यांच्याविषयी गावात कुजबुज होतीच. मृताच्या आईने मृत्यूविषयी संशय व्यक्त केला, आणि तालुक्याचा दंडाधिकारी ल्यू शीतोंग याला आयती संधी मिळाली.

प्रेताची तपासणी कशी झाली ते थोडे तपशिलाने सांगतो, कारण सगळा अनर्थ तेथूनच सुरू झाला. त्या काळी विषप्रयोग ओळखण्यासाठी चांदीची सुई प्रेताच्या घशात घालत. सुई काळी पडली तर ती फेस येणाऱ्या शेंगांच्या पाण्याने घासून धुवायची, आणि तरीही काळेपणा गेला नाही तरच विष मानायचे, असा नियम होता. यूहांगच्या तपासनिसाने सुई धुतलीच नाही. ती काळी दिसली एवढ्यावर विषाची नोंद झाली. मग बी श्यूगूला यातना देऊन यांगने विष आणून दिल्याचे तिच्याकडून वदवून घेण्यात आले. ज्या दिवशी त्याने विष दिले असे तिच्या तोंडी घातले, त्या दिवशी यांग आपल्या सासुरवाडीस होता आणि त्याला साक्षीदारही होते, परंतु ते कोणी ऐकून घेतले नाही. पदवीधराला छळता येत नसे, म्हणून वरिष्ठांकडे लिहून आधी त्याची पदवी काढून घेण्यात आली. त्यानंतर हांगझौच्या प्रमुख अधिकाऱ्याने, चेन लू याने, त्याच्यावर असे हाल लादले की, सोमल कोठून आणला असे विचारल्यावर त्याने जे नाव सुचले त्या औषधविक्रेत्याचे नाव घेतले. त्या विक्रेत्याकडूनही दबावाने लेखी जबाब घेतला गेला, आणि खटल्याचा शेवट होण्यापूर्वीच तो बिचारा मरण पावला. यांगला शिरच्छेदाची आणि बी श्यूगूला तुकडे तुकडे करून मारण्याची शिक्षा फर्मावण्यात आली.

आता पत्रलेखक महाशयांनी ज्या धाकाचा उल्लेख केला, तो येथे कोठे होता? कायद्यात तो पुरेपूर होता. देहदंडाचा प्रत्येक खटला तालुक्याकडून जिल्ह्याकडे, तेथून प्रांताकडे आणि शेवटी राजधानीकडे फेरतपासणीसाठी जाई. चुकीने देहदंड दिला असे सिद्ध झाले तर तो देणाऱ्या अधिकाऱ्यालाच कडक शिक्षा होई. ऐकताना ही व्यवस्था किती निर्दोष वाटते! पण याच तरतुदीमुळे खालच्या अधिकाऱ्याची चूक उघड करणे म्हणजे त्याच्यासह त्याच्या वरिष्ठांनाही खड्ड्यात लोटणे ठरे, आणि म्हणून प्रत्येक पायरीवरचा अधिकारी खालच्याला पाठीशी घाली. शिवाय आरोपीचा कबुलीजबाब असल्याशिवाय दोष सिद्ध होत नसे, म्हणून यातना हा चौकशीचा नेहमीचा भाग झाला होता. प्रांताचा राज्यपाल यांग चांगज्युन याने यूहांगला माणूस पाठवून चौकशी केल्याचे दाखवले आणि निकाल कायम केला. पुढे खुद्द राजदरबाराच्या हुकमावरून हू रुईलान या शिक्षणाधिकाऱ्याने फेरचौकशी केली, तेव्हा आरोपींचा पुन्हा छळ झाला आणि पुन्हा तीच कबुली कागदावर आली. या साऱ्या माणसांमध्ये निष्ठा नव्हती असे कोण म्हणेल? ती होती आणि फार घट्ट होती, पण ती एकमेकांशी, एकमेकांच्या खुर्च्यांशी होती. भ्रष्टाचार म्हटले की आपण टेबलाखालून सरकवलेले पाकीट डोळ्यांपुढे आणतो. मला मात्र ही आपापसांतली निष्ठा त्याहून जास्त घातक वाटते, कारण पाकीट कधीतरी पकडले जाते, आणि हिच्यासाठी कोणाला सापळा लावता येत नाही.

यांगची पत्नी जान आणि त्याची विधवा थोरली बहीण या दोघींविषयी मला विशेष लिहायचे आहे. या प्रकरणावर पुढे चीनमध्ये नाटके झाली, चित्रपट निघाले, आणि त्यांपैकी अनेकांनी ते यांग आणि श्याओ बायत्साई यांची प्रेमकहाणी म्हणून रंगवले. माझ्या मते त्यामुळे खरी प्रीती बाजूला पडली. क्षणभर त्या पत्नीच्या जागी स्वतःला ठेवून पाहावे. आपला नवरा भाडेकरणीच्या नादी लागला आणि तिच्यासाठी त्याने खून केला, असे सगळा गाव बोलतो आहे, सरकारी निकालपत्रातही तेच लिहिले आहे, आणि त्याच्या अंगठ्याखाली तशी कबुली आहे. अशा वेळी माहेरी निघून जाणाऱ्या स्त्रीला कोणी दोष दिला नसता. ती गेली नाही. तिने नवऱ्याच्या बहिणीला सोबत घेतले आणि राजधानीकडे दाद मागण्याचे ठरवले. हांगझौपासून बीजिंग हजार किलोमीटरहून दूर आहे. त्या काळी स्त्रीला स्वतःच्या हाताने फिर्याद दाखल करता येत नसे. तिच्या वतीने ती पुढे करणारा एखादा पुरुष लागे, म्हणून अशी माणसे शोधावी लागली, प्रवासखर्च जमवावा लागला, आणि तुरुंगात यांगने स्वतः लिहिलेले निवेदन जपून न्यावे लागले. 1874 मधली पहिली फिर्याद राजधानीतून परत प्रांताकडेच, म्हणजे ज्यांच्याविरुद्ध तक्रार होती त्यांच्याच हाती, पाठवण्यात आली. त्याच वर्षी या बायकांनी दुसऱ्यांदा बीजिंग गाठले. हांगझौच्या हू श्युएयान या धनाढ्य व्यापाऱ्याने त्यांना पैशाची मदत केली असे सांगितले जाते, तर राजधानीत नोकरी करणाऱ्या झेज्यांगच्या विद्वानांनी त्यांचे म्हणणे दरबारापर्यंत पोहोचवले.

आपल्याकडे जात्यावरच्या ओव्यांत नणंद-भावजयीचे वैर इतके गायले गेले आहे की, या दोघींचे एकत्र उभे राहणे मराठी वाचकाच्या मनाला विशेष भिडावे. एकीचा नवरा आणि दुसरीचा भाऊ, हे एकच माणूस तुरुंगात मरणाची वाट पाहत होते, आणि या दोघींनी आपापले मानापमान बाजूला ठेवले.

येथे वर्तमानपत्राचा भाग येतो आणि म्हणूनच हे पत्र मी आपल्याला लिहीत आहे. शांघायमध्ये अर्नेस्ट मेजर या ब्रिटिश व्यापाऱ्याने 1872 मध्ये ‘शेन्बाओ’ हे चिनी भाषेतील दैनिक सुरू केले होते. ते परकीयांच्या वसाहतीतून निघत असल्याने झेज्यांगच्या राज्यपालाचा हात तेथपर्यंत पोहोचत नव्हता. या दैनिकाने यूहांगच्या खटल्याची बातमी दिली, पुढच्या चौकश्यांचा वृत्तान्त दिला, यांगच्या घरच्यांनी राजधानीत केलेल्या फिर्यादीचा मजकूर छापला, आणि बंद दाराआड यातना देऊन घेतलेल्या कबुलीला पुरावा म्हणावे काय, असा प्रश्न उघडपणे विचारला. विशेष हे की, पहिल्या बातमीनंतर त्यांनी विषय सोडला नाही, निकाल लागेपर्यंत म्हणजे तीन वर्षांहून अधिक काळ ते लिहीत राहिले. जी गोष्ट प्रांताच्या कचेरीत गुंडाळली जायची ती चव्हाट्यावर आली.

वर्तमानपत्र नसते तर काय झाले असते, याचे उत्तर चीनच्याच इतिहासात आहे. मिंग राजवटीत ज्याजिंग सम्राटाच्या काळी यान सोंग हा मुख्य मंत्री आणि त्याचा मुलगा यांनी पदे विकून अमाप संपत्ती जमवली होती. 1553 मध्ये यांग जीशेंग नावाच्या एका कनिष्ठ अधिकाऱ्याने यान सोंगचे दहा अपराध आणि पाच कपटे नोंदवणारे निवेदन सम्राटाला सादर केले. त्याला शंभर फटके मारून तुरुंगात टाकण्यात आले. तुरुंगात त्याने फुटलेल्या चिनी मातीच्या भांड्याच्या तुकड्याने स्वतःच्या पायाचे सडलेले मांस कापून काढले आणि तेव्हा दिवा धरणाऱ्या पहारेकऱ्याचा हात थरथरत होता, अशी नोंद मिंग राजवटीच्या अधिकृत इतिहासात आहे. 1555 मध्ये त्याला मृत्युदंड दिला गेला. त्याआधी त्याच्या पत्नीने, जांग हिने, नवऱ्याचा गुन्हा माफ होण्याजोगा नसेल तर त्याच्या बदली माझे शिर घ्यावे, अशी विनवणी दरबाराकडे केली होती. यान सोंगने ती सम्राटापर्यंत जाऊच दिली नाही. खुद्द यांग जीशेंगने मरणापूर्वी पत्नीला लिहिलेल्या पत्रात, माझ्यामागे जीव देऊ नकोस, मुले लहान आहेत, त्यांच्यासाठी जग, असे विनवले आहे. ज्या माणसाने सम्राटासमोर मान लववली नाही, त्याची ही काळजी वाचताना माझा आजही कंठ दाटून येतो. पुढे 1562 मध्ये यान सोंग पदावरून गेला, 1565 मध्ये त्याच्या मुलाला मृत्युदंड झाला, आणि घराच्या झडतीत सापडलेले रुपे वीस लाख टेलांहून (टेल हे रुपे तोलण्याचे चिनी वजन) अधिक होते, असे इतिहासात लिहिले आहे. पण तोवर यांग जीशेंगला जाऊन दहा वर्षे झाली होती. पत्नीची निष्ठा 1555 मध्ये कमी नव्हती आणि 1874 मध्ये जास्त नव्हती. पहिल्या खेपेला तिची हाक मध्येच अडवणारा माणूस होता, आणि दुसऱ्या खेपेला ती अडवता आली नाही.

यूहांगच्या प्रकरणात एवढेच एक कारण होते असे मी म्हणणार नाही. ताइपिंग बंड मोडून काढणाऱ्या हुनान सैन्याचे लोक तेव्हा प्रांताप्रांतांत शिरजोर झाले होते, यांग चांगज्युन त्यांपैकीच एक होता, आणि त्यांना वेसण घालण्याची ही संधी लहानग्या सम्राटाच्या नावाने कारभार पाहणाऱ्या राजमातांच्या दरबाराला सोयीची होती, असे इतिहासकार मानतात. म्हणजे दरबाराने न्याय दिला तोही आपल्या हिशेबाने दिला. काही असो, खटला बीजिंगच्या न्यायखात्याकडे वर्ग झाला, गे पिनल्येनची शवपेटी यूहांगहून राजधानीत आणवण्यात आली, आणि 1877 च्या आरंभी नगराबाहेरच्या हायहुई मंदिरात अधिकारी, आरोपी आणि लोकांच्या गर्दीसमोर ती उघडण्यात आली. हाडे पिवळसर पांढरी निघाली. विषाचे चिन्ह नव्हते, मृत्यू आजारानेच झाला होता. ल्यू शीतोंग सत्तरी ओलांडलेला होता, तरी दंड भरून सुटका करून घेण्याची सवलत नाकारून त्याला ईशान्य सरहद्दीवरच्या हेलुंगज्यांगला हद्दपार करण्यात आले. राज्यपाल, शिक्षणाधिकारी आणि चेन लू यांची पदे गेली.

तरीही हा न्याय पुरा नव्हता, हे मान्य केले पाहिजे. यांगला शंभर फटक्यांची शिक्षा झाली आणि त्याची पदवी परत मिळाली नाही. पुढे त्याने गावी रेशीमकिड्यांचा व्यवसाय केला. बी श्यूगूला ऐंशी फटके सांगितले गेले ते परपुरुषाच्या मेजावर जेवल्याबद्दल आणि त्याच्याकडून पोथी वाचायला शिकल्याबद्दल. खून झालाच नव्हता हे सिद्ध झाल्यावरही तिची एवढी चूक दरबाराला खुपली. तिच्यासाठी राजधानीच्या पायऱ्या चढणारे कोणी नव्हते. फिर्यादीला गेली होती ती तिची स्वतःची सासूच. ती पुढे भिक्षुणी झाली आणि 1930 पर्यंत जगली. ज्याच्यामागे माणूस उभा असतो त्याचीच सुटका होते, आणि ज्याच्यामागे कोणी नसते त्याचे निर्दोषत्वही अर्धवटच मानले जाते, ही त्या राजवटीची खरी स्थिती होती. झटपट न्यायाचे गोडवे गाणाऱ्यांनी बी श्यूगूकडे एकदा नीट पाहावे, अशी माझी विनंती आहे.

आता आपल्या भागाविषयी. निवृत्तीनंतर मी गावातल्या लोकांचे अर्ज लिहून देतो. नवरा गेल्यानंतर शेतावर वारसा नोंद करून घेण्यासाठी एक विधवा आमच्याकडच्या एका कचेरीत कितीतरी महिने खेपा घालत होती. तिच्यासोबत प्रत्येक वेळी तिची नणंद असे. या बाईने स्वतःचा हिस्सा सोडल्याचे लिहून दिले होते, आणि तेवढ्यावर न थांबता ती भावजयीची पिशवी सांभाळत बसस्टँडपासून कचेरीपर्यंत येई. कागद कन्नडमध्ये असत. टेबलावरचा माणूस ते भराभर वाचून दाखवी आणि ‘साहेब नाहीत, पुढच्या सोमवारी या’ असे सांगे. कन्नड ही या राज्याची भाषा आहे आणि आपल्या मुलांनी ती चांगली शिकली पाहिजे, याविषयी माझ्या मनात किंतु नाही. पण पन्नाशीच्या मराठी बाईला तिच्याच शेताचा कागद तिला कळेल अशा भाषेत मिळू नये, ही गोष्ट सीमाभागात लाच मागणाऱ्याच्या पथ्यावर पडते, हेही तितकेच खरे आहे. एके दिवशी त्या नणंदेने अर्ज टेबलावर ठेवला आणि शांतपणे म्हणाली, ‘मला पोच द्या, शिक्का मारून, तारीख घालून. त्याशिवाय मी हलणार नाही.’ ती खरेच हलली नाही. पोच मिळाली, सरकारी कामांना मुदत घालून देणाऱ्या सकाल कायद्याची मुदत मोजता आली, आणि एक पैसाही न देता नोंद झाली. हा 2011 चा कायदा आपल्या राज्यात कागदावर केव्हापासून आहे, पण त्या दिवशी तो कामी आला तो त्या बाईच्या हट्टामुळे.

संपादक महाशय, लाच घेताना अमुक कर्मचारी लोकायुक्तांच्या जाळ्यात सापडला, ही बातमी आपण ठळकपणे छापता, त्याबद्दल आम्ही वाचक आपले ऋणी आहोत. पुढे काय होते ते मात्र आम्हाला कधीच वाचायला मिळत नाही. आरोपपत्र दाखल झाले की नाही, तो माणूस निलंबनातून परत कोणत्या तालुक्यात रुजू झाला, ज्याने तक्रार केली त्याचे अडलेले काम तरी झाले का, धारवाडच्या खंडपीठात अपील गेले का, यांतले काहीही छापून येत नाही. अधिकाऱ्यांची आपापसांतली निष्ठा याच शांततेत वाढते. तक्रारदाराच्या घरची माणसे मात्र तेवढ्या काळात नातेवाइकांत वाईट होतात, खर्चात बुडतात, आणि शेवटी थकून घरी बसतात.

म्हणून माझी आपणांस अशी सूचना आहे की, महिन्यातून एकदा तरी आपल्या दैनिकात अर्ध्या पानाची जागा अशा जुन्या प्रकरणांसाठी राखून ठेवावी. बेळगाव शहर, खानापूर, हुक्केरी, चिकोडी, निपाणी अशा तालुक्यांतील, आपणच पूर्वी छापलेल्या लाचखोरीच्या बातम्या घ्याव्यात आणि प्रत्येकीची आजची स्थिती दोन-तीन ओळींत द्यावी. ज्यांनी तक्रार केली त्यांची नावे त्यांच्या संमतीशिवाय देऊ नयेत, पण त्यांचे काम झाले की नाही हे जरूर द्यावे. न्यायालयांच्या पुढच्या तारखा आता संकेतस्थळावर पाहता येतात, त्यामुळे हे काम पूर्वीइतके अवघड राहिलेले नाही. आमच्या तालुक्यातील अशा बातम्यांची कात्रणे मी तारखांसह जपून ठेवली आहेत. आपल्या येथील बातमीदाराने निरोप पाठवला तर ती त्यांच्याकडे नेऊन देण्याची आणि न्यायालयातील तारखा नियमितपणे उतरवून कळवण्याची माझी तयारी आहे.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक निवृत्त शिक्षक,
तालुका खानापूर, जिल्हा बेळगाव